अल्कलाइन पाण्याचं मशीन घ्यावं का?

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. नणंदेच्या यजमानांनी घरी येऊन वॉटर आयोनायझरचा डेमो दिला. मशीन पावणेदोन लाखांचं, हप्त्याने घेता येईल. घरात सासूबाईंना शुगर आणि जुनी अ‍ॅसिडिटी, सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंडांची तक्रार), शिवाय आठ महिन्यांचं बाळ. सध्या आरओ आहे. पाहुण्यांचं म्हणणं असं की आरओचं पाणी ‘मेलेलं’ असतं, अ‍ॅसिडिक असतं, ते काढून टाका आणि त्या जागी हे बसवा; शरीर अल्कलाइन झालं की अ‍ॅसिडिटी जाते, शुगर आटोक्यात येते, कॅन्सर जवळ फिरकत नाही. डेमोत आरओचं पाणी पिवळं आणि मशीनचं पाणी जांभळं झालेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे सासूबाई तयार आहेत. सोसायटीला एरवी महापालिकेचं पाणी येतं, उन्हाळ्यात बोअर आणि टँकर. ताईंचा प्रश्न: खरंच काही फायदा आहे, की पैसे पाण्यात?

मी रसायनशास्त्राची. अंबडच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम करते. निम्मे नमुने घरांचे आणि सोसायट्यांचे, निम्मे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांचे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल जे लिहीन ते जपून लिहीन. पाण्याबद्दल मात्र मोकळेपणाने बोलते.

आधी थोडक्यात उत्तर. पावणेदोन लाख टाकावेत असा फायदा या पाण्यात नाही. पोटाच्या किरकोळ तक्रारींवर थोडा उपयोग होऊ शकतो असं म्हणायला जेमतेम जागा आहे. शुगर, कॅन्सर, ‘शरीर अल्कलाइन होणं’ याला काही आधार नाही. पण तुमचा प्रश्न वाचताना मला मशीनपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. ते बसवण्यासाठी आरओ काढायचा आहे, आणि तुमच्याकडे तीन महिने बोअर-टँकरचं पाणी येतं. आयोनायझर घेतलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडणार नाही. पण आरओ काढून ते बोअरचं पाणी बाळाच्या पेजेत गेलं तर बिघडू शकतं. त्याकडे पुढे येते.

मशीन करतं काय, ते पाहू. आत टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, वर प्लॅटिनमचा मुलामा, आणि मधे एक पडदा. पट्ट्यांमधून वीज सोडली की ऋण पट्टीकडे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमही त्याच बाजूला सरकतं. त्या बाजूचं पाणी अल्कलाइन, ते नळातून येतं. दुसऱ्या बाजूचं आम्लधर्मी पाणी वेगळ्या नळीने बाहेर पडतं. यात जादू काही नाही, बारावीच्या पुस्तकातलं इलेक्ट्रोलिसिस आहे. एक अट मात्र आहे: पाण्यात क्षार हवेत. क्षार नसले तर वीजच नीट वाहत नाही. म्हणून वीस-तीस टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) आरओच्या पाण्यावर ही मशीनं धड चालत नाहीत, आणि म्हणूनच विकणारा पहिल्यांदा तुमचा आरओ काढायला सांगतो. ‘मेलेलं पाणी’ वगैरे नंतर जोडलेलं कारण आहे.

आता सगळी विक्री ज्या आकड्यावर उभी आहे तो पीएच. साधं पाणी सातच्या आसपास, मशीनचं साडेनऊ. ऐकायला मोठा फरक वाटतो. पण पीएच सांगतो ती आम्ल-अल्कलीची तीव्रता (सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कली). ते पाणी किती आम्ल मारू शकेल हे तो सांगत नाही. ते सांगणारा आकडा वेगळा, त्याला अल्कता म्हणतात, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट. पीएच म्हणजे माणसाचा रुबाब, अल्कता म्हणजे त्याच्या खिशातले पैसे.

हे मी शहरातल्या लोकांना समजावताना दमते, पण द्राक्षवाल्यांना एका वाक्यात कळतं. फवारणीच्या पाण्याचा पीएच साडेसात-आठ असेल तर बरीच औषधं टाकीतच फुटायला लागतात, म्हणून ते सायट्रिक किंवा फॉस्फोरिक अ‍ॅसिड टाकून तो सहाच्या जवळ आणतात. जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाच्या फवारणीला तर हे हमखास करतात. आता शेजारशेजारच्या दोन विहिरी घ्या, दोन्हींचा पीएच ७.८. एकीची अल्कता १२०, दुसरीची ४२० (लिटरमागे मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात). पहिल्या पाण्याला जेवढं अ‍ॅसिड लागतं त्याच्या तिपटीहून जास्त दुसऱ्याला लागतं, पीएच तोच असूनही. त्यामुळे बागायतदार रिपोर्ट हातात घेतला की आधी बायकार्बोनेटची ओळ शोधतो. ड्रिपच्या लॅटरल चोक होतात त्याही त्याच ओळीमुळे. आयोनायझर विकणाऱ्याच्या तोंडून मी अल्कता हा शब्द अजून ऐकलेला नाही.

हिशेब मांडूनच पाहा. आम्ल-अल्कली मोजायचं माप मिलिइक्विव्हॅलंट. साडेनऊ पीएचच्या एक लिटर पाण्यात मोकळं हायड्रॉक्साइड असतं सुमारे ०.०३ मिलिइक्विव्हॅलंट. पोटातल्या आम्लाचा पीएच असतो साधारण दीड ते साडेतीन. त्यातलं दोन पीएचचं फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला आम्ल घेतलं, तर त्यात एक मिलिइक्विव्हॅलंट आम्ल आहे. ते निव्वळ त्या वाढलेल्या पीएचच्या जोरावर मारायचं तर तीसेक लिटर पाणी लागेल. त्याउलट एक ग्रॅम खायच्या सोड्यात जवळजवळ १२ मिलिइक्विव्हॅलंट असतात. आणि गंमत म्हणजे, आपल्याकडच्या एखाद्या कठीण बोअरच्या पाण्याची अल्कता ३०० असेल, तर त्याच्या एका लिटरमध्ये सहा मिलिइक्विव्हॅलंट बसलेले असतात, पीएच साडेसात असला तरी. म्हणजे ‘आम्ल मारणं’ हाच निकष लावला तर चुलीवरच्या पातेल्याला पांढरा थर आणणारं ते पाणी पावणेदोन लाखांच्या मशीनला सहज मागे टाकतं. (म्हणून ते प्या असं मी म्हणत नाहीये. सोडाही रोज खाऊ नका, त्यात सोडियम असतं. बीपी-किडनीवाल्यांनी तर मुळीच नको.)

मशीन मूळ पाण्याची अल्कता थोडी वाढवतं, हे कबूल करायला हवं, कारण क्षार त्या बाजूला सरकतात. पण ते आधीच पाण्यात होते त्यातलेच सरकतात. गंगापूर धरणाचं पाणी मऊ आहे. माझ्याकडे येणाऱ्या नळाच्या नमुन्यांत टीडीएस बहुतेक वेळा शे-दीडशेच्या घरात असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

समजा, बऱ्यापैकी अल्कता असलेलं पाणी प्यायलात, तरी रक्ताचं काय होतं? काही नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात असतो आणि शरीर तो तिथून हलू देत नाही. फुप्फुसं दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, तेही एका अर्थी आम्लच. चयापचयातून त्याशिवाय जे आम्ल तयार होतं, साधारण वजनाच्या किलोमागे एक मिलिइक्विव्हॅलंट, ते मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात. साठ किलोच्या माणसाला रोजचे साठ. त्यात मशीनच्या दोन लिटर पाण्यातले मोकळे ०.०६ मिळवा. रक्ताचा पीएच खरोखर फार खाली जातो तेव्हा माणूस आयसीयूत असतो. शुगर फार वाढून कीटोअ‍ॅसिडोसिस होतो तेव्हा तसं होतं, आणि त्यावर इलाज इन्सुलिन आणि सलाइन असतो.

लघवीची पट्टी दाखवून ‘बघा, बॉडी अ‍ॅसिडिक झालीय’ असंही सांगतात. लघवीचा पीएच साडेचार ते आठ असा दिवसभर वरखाली होत असतो. तो कमी आला म्हणजे मूत्रपिंडं आम्ल बाहेर काढतायत, त्यांचं काम चालू आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आता डेमो. सासूबाईंचं मन त्यानेच वळलंय, म्हणून यावर जरा थांबते.

त्या बाटलीतलं द्रावण म्हणजे पीएच निर्देशक. आम्लधर्मी पाण्यात पिवळं, अल्कलाइनमध्ये निळं-जांभळं होतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र पडद्यातून पार होतो, शिवाय हवेतूनही थोडा येतो. धरून ठेवायला बायकार्बोनेट नसल्यामुळे एवढ्याशा आम्लानेही पीएच सहाच्या खाली-वर जातो आणि पाणी पिवळं दिसतं. वर रुबाब आणि पैसे म्हटलं ना, तेच: तीव्रता आहे, ऐवज नाही. ते पाणी तोंडात गेलं की लाळेतच त्याचा पीएच बदलतो. जेवणात आमटीतलं आमसूल, ताक, लिंबू आपण आनंदाने खातो. ते सगळं या ‘अ‍ॅसिडिक’ पाण्यापेक्षा कित्येक पट आम्लधर्मी आहे.

घरीच करून दाखवा. पानाच्या ठेल्यावरून चुन्याची डबी आणा, जराशा पाण्यात कालवून ठेवा, वरची निवळी घ्या. लिटरभर आरओच्या पाण्यात ती निवळी अर्धा-एक चमचा घाला आणि पाहुण्यांच्याच बाटलीतले थेंब टाका. जांभळं होईल. त्यांच्याकडे थेंब मागायचा संकोच वाटत असेल तर हळद वापरा: निवळीच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली की लाल होते. कुंकू पूर्वी असंच करायचे, सासूबाईंना ठाऊक असेल. (प्रयोग झाल्यावर ते पाणी फेकून द्या, प्यायचं नाही.)

दुसरा प्रयोग बीटाडिनचा असतो, तुमच्याकडे केला नसेल तर पुढच्या खेपेला करतील. पाण्यात तपकिरी थेंब टाकायचे, वर मशीनचं पाणी ओतायचं, रंग नाहीसा होतो, आणि ‘हे पाणी अँटिऑक्सिडंट आहे’ म्हणून सांगायचं. त्यातल्या आयोडीनचा रंग जोरदार अल्कलीत जातो, चुन्याच्या निवळीनेही जातो. आणि लिंबू पिळलं तरी जातो, कारण त्यात क जीवनसत्त्व असतं. लिंबू तर आम्ल! पाहुण्यांना विचारा, मग लिंबू प्यायचं की अल्कलाइन पाणी. थंड पाण्यात चहाची पुडी लगेच गडद होते, तेल पाण्यात मिसळतं, हे सगळे जास्त पीएचचे रासायनिक परिणाम आहेत. काचेच्या ग्लासात ते खरे आहेत. तेल मिसळायला साडेअकरा पीएचचं पाणी वापरतात, जे मशीनवालेसुद्धा प्यायला देत नाहीत. ओट्याचा चिकटा पुसायला ते चांगलं, पण त्यासाठी धुण्याचा सोडा आहेच.

‘पाण्याचे रेणू लहान गटात येतात म्हणून ते पेशींत लवकर शिरतं’ हे वाक्यही येईल. पाण्याच्या रेणूंमधले बंध सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात तुटतात-जुळतात. गट करून ते बाटलीत भरता येत नाहीत. एवढं पुरे.

‘जपान सरकारने याला मान्यता दिलीय’ असंही विकणारे सांगतात. मग जपानचं काय? हा मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. जपानच्या आरोग्य खात्याने १९६५ मध्ये या यंत्रांना घरगुती वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली, ती पोटाच्या तक्रारींपुरती: जुनाट जुलाब, अपचन, पोटात गॅस धरणं, आम्लपित्त. मधुमेह नाही, कॅन्सर नाही, वजन नाही, सांधेदुखी नाही. तिथल्याच यंत्रांच्या पुस्तिकेत हेही छापलेलं असतं की दहा किंवा त्याहून जास्त पीएचचं पाणी पिऊ नये, औषधं या पाण्यासोबत घेऊ नयेत, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर पिऊ नये किंवा डॉक्टरांना विचारावं. तुमच्या सासऱ्यांसाठी शेवटची ओळ. पाहुण्यांकडे मूळ पुस्तिका मागा आणि ते पान स्वतः वाचा. सासऱ्यांनी दिवसाला पाणी किती घ्यायचं, पोटॅशियम किती, हे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाचे डॉक्टर ठरवतात. ‘सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास’ हा सल्ला त्यांना लागू करू नका.

सासूबाईंच्या अ‍ॅसिडिटीबद्दल. २०१२ मध्ये एक अभ्यास आला होता: ८.८ पीएचच्या पाण्याने पेप्सिन हे पाचक द्रव्य प्रयोगशाळेतल्या नळीत निकामी झालं. त्यावर पुष्कळ जाहिराती उभ्या आहेत. पण नळीत आतून सतत आम्ल स्रवत नसतं, पोटात स्रवतं. २०१७ मध्ये घशापर्यंत येणाऱ्या आम्लाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला, त्यात अल्कलाइन पाणी आणि भाजीपाल्यावर भर असलेला आहार घेणाऱ्यांना गोळ्या घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. चांगली गोष्ट आहे, पण दोन्ही एकत्र दिल्यावर गुण आहाराचा की पाण्याचा हे कसं ठरवायचं? माझा अंदाज आहाराचा. घशात, अन्ननलिकेत वर आलेलं थोडं आम्ल धुऊन निघायला एक-दोन घोट पाणी उपयोगी पडतं, हे मला पटतं, साधंही पडतं.

किडनी स्टोनवाल्यांसाठी २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी बाटलीबंद अल्कलाइन पाणी तपासलं. दहा पीएचच्या पाण्यात लिटरमागे अल्कली निघाली ०.१ मिलिइक्विव्हॅलंट, नगण्य. वरचा माझा हिशेब आणि हा आकडा एकाच जातीचे आहेत.

या पाण्याने कॅन्सर टळतो म्हणणाऱ्या व्हिडिओत जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचं नाव असतं, ‘अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगत नाही हे सिद्ध करून नोबेल मिळालं’. वारबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. अल्कलाइन पाण्याने कॅन्सर टळतो किंवा बरा होतो का, याचे अभ्यास शोधून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. अल्कलाइन पाण्याने कॅन्सरवर उपचार होतात असं म्हणायला त्यात काही सापडलं नाही. ट्यूमरच्या आसपासचा भाग आम्लधर्मी असतो हे खरं, पण ते आम्ल ट्यूमर स्वतः तयार करतो.

एका गोष्टीवर मी दार लावून घेत नाही, ती म्हणजे हायड्रोजन. मशीनच्या पाण्यात थोडा हायड्रोजन वायू विरघळलेला असतो, आणि ओआरपी मीटरवर (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता मोजणाऱ्या यंत्रावर) जो उणे आकडा दाखवतात तो मुख्यतः त्याचाच. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगातून हायड्रोजनचे काही परिणाम दाखवले, तेव्हापासून माणसांवरही छोटे छोटे अभ्यास होतायत. निकाल संमिश्र आहेत. पण व्यवहारात अडचण अशी की साध्या दाबाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन मावतो, मशीनच्या पाण्यात त्याहून कमीच असतो, आणि उघड्या भांड्यातून तो थोड्या वेळात उडून जातो. पट्ट्यांवर क्षार बसले की तयारही कमी होतो. सकाळी पिंप भरून ठेवून दिवसभर प्यायचं असेल तर संध्याकाळी त्या पिंपात पाणीच उरतं. उद्या यात काही ठोस निघालं तर आनंद आहे, पण आजच्या पुराव्यावर मी हप्ते भरणार नाही.

आणि ज्यांना बरं वाटलं ते खोटं बोलतात का? नाही. मशीन घेतल्यावर माणूस तीन लिटर पाणी प्यायला लागतो, सकाळचा रिकाम्या पोटचा चहा सोडतो, रात्रीचं जेवण अलीकडे घेतो, कारण विकणाऱ्याने हे सगळं सोबत सांगितलेलं असतं. बद्धकोष्ठता सुटते, पोट हलकं वाटतं. शिवाय मशीनमध्ये कार्बनचा फिल्टर असतो, तो क्लोरीनचा वास काढतो आणि पाणी चवीला गोड लागतं. हा फायदा खराच आहे, पण तो कार्बन फिल्टर आणि जास्त पाणी प्यायल्याचा आहे. माझा पक्का सल्ला इतकाच: शुगरची किंवा पित्ताची एकही गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही. ‘तीन महिन्यांत गोळ्या सुटतील’ असं कुणी म्हणालं तर ते बिलावर लिहून मागा. मधुमेह, कॅन्सर बरा करण्याच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. विकणारे हे ओळखून असतात, म्हणून हे दावे बहुतेक तोंडी असतात.

आता तुमच्या पाण्याकडे, कारण उत्तर इथे बदलू शकतं.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००, सध्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात पीएच ६.५ ते ८.५ असावा असं म्हटलंय. मशीनचं साडेनऊचं पाणी या मर्यादेबाहेर जातं, आणि पीएचच्या बाबतीत मानकात सूटही दिलेली नाही. साडेनऊने कुणाला विषबाधा होत नाही, पण नळाला असं पाणी आलं असतं तर आपण महापालिकेवर मोर्चा नेला असता.

महापालिकेचं पाणी येतं त्या महिन्यांत तुम्हाला आयोनायझर तर नकोच, खरं म्हणजे आरओही नको. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं, पाणी वाया जातं म्हणून. शे-दीडशे टीडीएसच्या पाण्याला कार्बन फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) पुरतं. तुमच्या आरओला टीडीएस कंट्रोलर (आरओच्या पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळणारी तोटी) असेल तर या महिन्यांत तो थोडा उघडा ठेवायला हरकत नाही, म्हणजे ‘मेलेल्या’ पाण्याची तक्रारही उरत नाही.

बोअर-टँकरच्या महिन्यांत गोष्ट वेगळी. आपल्या बेसाल्टच्या खडकातलं पाणी कठीण असतं; त्याने भांडी, गिझर खराब होतात, तब्येतीला सहसा फारसा त्रास होत नाही. मला भीती नायट्रेटची वाटते. जुन्या नाल्याकाठचे, सेप्टिक टँकजवळचे, किंवा जिथे कालपरवापर्यंत शेती होती तिथले बोअर, यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडताना मी पुष्कळदा पाहते. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना ते बाधतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. आयोनायझर नायट्रेट काढत नाही. फ्लोराइड काढत नाही, टीडीएस काढत नाही, कठीणपणा काढत नाही. आरओ काढतो. आणि टँकर कुठून भरला हे टँकरवाल्यालाही धड माहीत नसतं. म्हणून आरओ हलवू नका, आणि बोअरचं पाणी सुरू झालं की तो कंट्रोलर पूर्ण बंद करा.

आणखी एक. आयोनायझरमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, आणि पुढे जंतू मारायची सोय बहुतेक मशीनांत नसते. क्लोरीन गेलेलं पाणी माठात-पिंपात दिवसभर राहिलं तर त्यात जंतू वाढायला मोकळं रान मिळतं. कठीण पाण्यात ऋण पट्टीवर चुनखडी बसते ती वेगळीच. सायट्रिक अ‍ॅसिडने साफसफाई, फिल्टरची बदली, हा खर्च डेमोत कुणी सांगत नाही.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. ही मशीनं बहुतेक ओळखीपाळखीतूनच विकली जातात, एकाखाली एक माणसं जोडून. नणंदेच्या यजमानांना कमिशन आहे यात गैर काही नाही, पण आज तुम्ही घेतलंत तर उद्या ‘तुम्हीही दोघांना सांगा’ येतंच. थेट विक्रीसाठी २०२१ चे नियम आहेत, त्यात पिरॅमिड योजनांना बंदी आहे आणि ठरावीक मुदतीत व्यवहार मोडता येण्याची, म्हणजे कूलिंग-ऑफची तरतूद आहे. सही करायची वेळ आलीच तर ती मुदत किती दिवसांची हे करारात शोधा. पण मुळात नाही म्हणायला भांडण कशाला? ‘भाऊजी, आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, आधी तपासून घेतो, रिपोर्ट आला की बोलू,’ एवढं म्हणा. यात कुणाचा अपमान नाही, आणि रिपोर्ट आल्यावर मशीन काय काढतं आणि काय नाही ही चर्चा आपोआप होते.

नमुना कसा द्यायचा तेवढं सांगते, कारण इथे लोक घोटाळा करतात. दोन नमुने द्या: एक आरओच्या आधीच्या नळाचा, एक आरओनंतरचा. लिटरभराची पाण्याचीच रिकामी बाटली चालेल, पण कोल्ड्रिंकची, फिनाइलची नको; त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर तारीख आणि ‘बोअर’, ‘टँकर’ की ‘कॉर्पोरेशन’ ते लिहा. जंतूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच न्यावी लागते, ती नळ जरा वाहू देऊन भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. पीएच, टीडीएस, कठीणपणा, अल्कता, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू एवढ्या चाचण्या मागा. पन्नास धातूंचं महागडं पॅकेज गळ्यात मारत असतील तर तुम्हाला त्याची गरज नाही. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का ते बघा. आणि नमुना टँकर सुरू असताना घ्या. ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी तपासून ‘आमचं पाणी उत्तम’ म्हणणाऱ्या सोसायट्या मी खूप पाहिल्यात. आरओनंतरच्या नमुन्यातही नायट्रेट ४५ च्या आसपास आलं तर मेंब्रेन, म्हणजे आरओचा पडदा बदलायला झालंय. ते बदलेपर्यंत बाळाच्या पेजेला आणि दुधाच्या पावडरीला आयएसआय शिक्क्याचं बंद पाणी वापरा.